दणकट कॅमेरा आणि मिलिमीटरचा दहावा भाग

फिल्मवर छायाचित्रे काढण्याची हौस गेल्या काही वर्षांत पुन्हा मूळ धरू लागली आहे आणि जुन्या सोव्हिएत कॅमेऱ्यांकडे वळणाऱ्या नवख्या मंडळींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : फेड घ्यावा, झोर्की घ्यावा की कीव्ह? त्याच्या पाठोपाठ येणारे विधानही ठरलेले असते : ‘रशियन माल आहे, दणकट असणारच.’ मिग-२१ विमानांसाठी १९६४ साली ओझरला उभारलेला कारखाना ज्या नाशिककरांच्या शेजारी आहे, त्यांना असे वाटणे स्वाभाविक आहे. पण दणकटपणा आणि अचूकपणा हे दोन वेगळे गुण आहेत. रेंजफाइंडर जातीच्या कॅमेऱ्यात छायाचित्र रेखीव येणार की पुसट, हे मिलिमीटरच्या दहाव्या भागावर ठरते, आणि त्या दहाव्या भागाचा मॉडेलच्या नावाशी फारसा संबंध नसतो.

प्रथम वंशावळ थोडक्यात पाहू. फेड हा कॅमेरा १९३४ पासून युक्रेनमधील खारकीव येथे बनू लागला. अनाथ आणि भटक्या मुलांसाठी चालवल्या जाणाऱ्या, शिक्षणतज्ज्ञ अंतोन माकारेन्को यांच्या देखरेखीखालील श्रम-वसाहतीत तो जन्मला आणि सोव्हिएत गुप्त पोलिस दलाचे संस्थापक फेलिक्स एद्मुंदोविच झेर्झिन्स्की यांच्या नावाची आद्याक्षरे त्याला मिळाली. जर्मन लायका-२ या कॅमेऱ्याची ती जवळजवळ हुबेहूब नक्कल होती. मॉस्कोजवळील क्रास्नोगोर्स्क येथील कारखान्याने १९४८ पासून त्याच घराण्यातला झोर्की काढला. कीव्हचे कूळ मात्र निराळे आहे : दुसऱ्या महायुद्धानंतर भरपाई म्हणून जर्मनीतून आणलेल्या यंत्रसामग्रीवर, झाइसच्या काँटॅक्स कॅमेऱ्याच्या धर्तीवर, तो कीव्ह शहरातील आर्सेनल कारखान्यात तयार झाला. म्हणजे तिघांपैकी दोघे युक्रेनचे आहेत आणि ‘रशियन माल’ हे बिरूद तेवढ्यापुरते तरी मागे घ्यायला हवे.

आता मूळ यंत्रणेकडे वळू, कारण या कॅमेऱ्यांचे सारे मर्म तिथेच आहे. एसएलआर कॅमेऱ्यात आपण थेट लेन्समधून पाहतो, त्यामुळे फोकस चुकला की तो डोळ्यांना दिसतो. रेंजफाइंडरमध्ये आपण लेन्सच्या वर असलेल्या स्वतंत्र खिडकीतून पाहतो आणि लेन्सला जे दिसते आहे त्याचा आपल्याला काहीच पत्ता नसतो. लेन्सवरचे झाकण काढायला विसरून अख्खा रोल वाया घालवणे या कॅमेऱ्यावर सहज शक्य आहे. मग फोकस जुळला हे कळते कसे? त्यासाठी कॅमेरा समोरच्या वस्तूचे अंतर मोजतो, आणि तेही शाळेतल्या त्रिकोणाच्या भूमितीने.

हात लांब करून अंगठा उभा धरावा आणि आळीपाळीने एकेक डोळा मिटावा. मागच्या भिंतीच्या तुलनेत अंगठा इकडून तिकडे सरकलेला दिसतो. अंगठा जितका जवळ, तितके सरकणे जास्त. कॅमेऱ्याच्या दर्शनी बाजूला अशाच दोन खिडक्या असतात. एका खिडकीतून आलेला प्रकाश अर्धपारदर्शक आरशातून सरळ डोळ्यापर्यंत येतो. दुसऱ्या खिडकीतून आलेला प्रकाश एका फिरत्या आरशावरून किंवा लोलकावरून आडवा वळतो, त्याच अर्धपारदर्शक आरशावर आदळतो आणि पहिल्या प्रतिमेवर जाऊन बसतो. त्यामुळे दृश्याच्या मधोमध एका फिकट रंगीत ठिपक्यात दोन प्रतिमा दिसतात. लेन्सचे कडे फिरवले की लेन्स पुढे-मागे सरकते, तिच्या मागच्या कडेला टेकलेली एक तरफ हलते आणि ती तरफ आरसा फिरवते. दोन प्रतिमा एकमेकींवर तंतोतंत बसल्या की लेन्स बरोबर त्या वस्तूवर फोकस झालेली असते.

या हालचाली किती बारीक असतात याची कल्पना आकड्यांवरून येईल. फेड-२ मध्ये दोन खिडक्यांमधील अंतर, ज्याला ‘पाया’ म्हणू, ६७ मिलिमीटर आहे. एक मीटरवरच्या वस्तूसाठी दोन किरणांमधील कोन ३.८ अंशांचा होतो, तीन मीटरवर १.३ अंशांचा आणि दहा मीटरवर अवघा ०.४ अंशाचा. परावर्तनाच्या नियमानुसार आरसा याच्या निम्माच फिरतो. दुसरीकडे, ५० मिलिमीटरची लेन्स अनंतापासून एक मीटरपर्यंत येताना सुमारे २.६ मिलिमीटर पुढे सरकते. त्यातही दहा मीटरपासून क्षितिजापर्यंतचे सगळे जग शेवटच्या पाव मिलिमीटरमध्ये बसवलेले असते.

यात चूक किती होऊ शकते? निरोगी डोळ्याला साधारणपणे एका कलेचा, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाचा, फरक ओळखता येतो. फेड-२ ची खिडकी दृश्य पाऊणपट लहान करून दाखवते; म्हणून ६७ मिलिमीटरचा पाया परिणामतः ५० मिलिमीटरचा उरतो. हिशेब केला तर तीन मीटरवर डोळ्याची चूक सुमारे ५ सेंटिमीटर येते, एक मीटरवर ६ मिलिमीटर आणि दहा मीटरवर जवळपास ६० सेंटिमीटर. अंतर दुप्पट झाले की चूक चौपट होते, कारण ती अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. लांबच्या वस्तूवर फोकस जुळवताना हा कॅमेरा फारच बेभरवशाचा ठरतो, असे इथे कोणालाही वाटेल.

पण आता दुसऱ्या बाजूचा हिशेब पाहावा. फोकस अगदी बिंदूवर नसला तरी निगेटिव्हवर ०.०३ मिलिमीटरपर्यंतचा ठिपका आपण बिंदू म्हणूनच स्वीकारतो. या सवलतीमुळे फोकसच्या मागे-पुढे थोडी जागा रेखीव दिसते. ५० मिलिमीटर, एफ/२ च्या लेन्सला (एफपुढचा आकडा छिद्राचा; तो जितका लहान, तितके छिद्र मोठे) ही सवलत एक मीटरवर दोन्ही बाजूंना २.४ सेंटिमीटर, तीन मीटरवर २१ सेंटिमीटर आणि दहा मीटरवर २.४ मीटर मिळते. ही सवलतसुद्धा अंतराच्या वर्गानेच वाढते! चूक आणि सवलत यांचा भागाकार केला की अंतराचा वर्ग वर-खाली कटतो आणि अंतराचा प्रश्नच उरत नाही. उरते ती फक्त लेन्स : तिची नाभी-लांबी (५० मिलिमीटरच्या लेन्समधला ५० चा आकडा), तिचे छिद्र, आणि कॅमेऱ्याचा परिणामी पाया. या साध्या कटाकटीइतकी सुबक गोष्ट मला कॅमेऱ्याच्या सगळ्या गणितात दुसरी सापडलेली नाही.

भागाकार उलटा मांडला की एखाद्या लेन्ससाठी किमान किती पाया लागतो ते थेट मिळते : नाभी-लांबीचा वर्ग घ्यावा, त्याला एका कलेच्या कोनाने, म्हणजे ०.०००२९ ने, गुणावे आणि छिद्राचा आकडा गुणिले ०.०३ याने भागावे. ५० मिलिमीटर, एफ/२ च्या ज्युपिटर-८ या सोव्हिएत लेन्सला १२ मिलिमीटर पाया पुरतो. ८५ मिलिमीटर, एफ/२ च्या ज्युपिटर-९ ला ३५, आणि १३५ मिलिमीटर, एफ/४ च्या ज्युपिटर-११ ला ४४ मिलिमीटर लागतो. जुन्या फेड-१ चा आणि पहिल्या झोर्कीचा पाया सुमारे ३८ मिलिमीटर आहे, फेड-२ चा परिणामी पाया ५०, आणि ९० मिलिमीटरचा लांबलचक पाया असलेल्या कीव्हचा ६७ च्या आसपास. म्हणजे १३५ ची लेन्स लावायची असेल तर जुना झोर्की कमी पडतो आणि कीव्ह आरामात पुरतो. पण नवशिका ज्या ५० च्या लेन्सवर सुरुवात करणार, तिच्यासाठी तिघांपैकी सर्वांत आखूड पायाचा कॅमेराही तिपटीने पुरून उरतो. मॉडेलांच्या तुलनेत रात्री जागवणाऱ्यांनी हा आकडा ध्यानात ठेवावा.

मग ही तिप्पट शिल्लक जाते कुठे? एक तर साठ-सत्तर वर्षांत अर्धपारदर्शक आरशाचा मुलामा विटतो, लोलकावर धूसरपणा चढतो, आणि मधला ठिपका इतका फिका होतो की डोळ्याला एका कलेऐवजी तीन-चार कलांचाच फरक कळतो. दुसरे आणि अधिक महत्त्वाचे कारण म्हणजे तरफेची जुळणी. एफ/२ वर फिल्मच्या ठिकाणी अवघी ०.०६ मिलिमीटरची सूट असते. तरफ आणि लेन्स यांच्यात ०.१ मिलिमीटरचा फरक पडला, तर तीन मीटरवरचा फोकस ३६ सेंटिमीटरने सरकतो, आणि २१ सेंटिमीटरची सवलत त्यापुढे तोकडी पडते. माणसाचे डोळे रेखीव येण्याऐवजी मागच्या भिंतीवरची दिनदर्शिका रेखीव येते, ती अशी. कॅमेरा कितीही दणकट असो, कोणीतरी एकदा उघडून घाईने बंद केलेला असेल तर एवढा फरक सहज पडतो.

जाहिरातीत दाखवलेल्या नमुना-छायाचित्रांचा भरवसा का धरू नये, हेही यातूनच कळते. नाशिकच्या एप्रिलमधल्या उन्हात ४०० आयएसओचा, म्हणजे प्रकाशाला बराच संवेदनशील, रोल घातला की छिद्र एफ/१६ आणि शटर १/५०० सेकंद ठेवावे लागते. एफ/१६ वर फिल्मजवळची सूट आठपट होते आणि यंत्रातले सगळे दोष तिच्याखाली झाकले जातात. गोदाघाटावरच्या भर दुपारच्या छायाचित्राने कॅमेऱ्याविषयी काहीच सिद्ध होत नाही.

तपासणी मात्र रोल न घालताही करता येते. लेन्स अनंताच्या खुणेवर आणावी आणि अर्ध्या किलोमीटरपेक्षा दूरची, स्पष्ट उभी कड असलेली वस्तू पाहावी. प्रतिमा आडव्या सरकत असल्याने आडवी कड इथे उपयोगाची नाही. नाशिकरोडच्या एखाद्या उंच गच्चीवरून दिसणारी एकलहरे वीज केंद्राची चिमणी या कामासाठी आदर्श आहे. चिमणीची कड एकच दिसली तर ठीक. दोन दिसल्या तर जुळणी सरकलेली आहे. त्यानंतर टेपने एक मीटर मोजून, तेही लेन्सच्या टोकापासून नव्हे तर कॅमेऱ्यातील फिल्मच्या पातळीपासून, उभ्या धरलेल्या पट्टीवर प्रतिमा जुळवावी आणि लेन्सवरचा आकडा वाचावा. अनंताला जुळते पण एक मीटरला जुळत नाही, असे असेल तर तो एका स्क्रूचा मामला नसतो आणि नवशिक्याने तो कॅमेरा सोडून द्यावा.

बाकीच्या गोष्टी झटपट सांगता येतात. फेड आणि झोर्कीचे शटर रबर चढवलेल्या कापडाचे असते. अंधाऱ्या खोलीत लेन्स काढून मागून विजेरी धरली की कापडातली भोके चांदण्यासारखी लुकलुकतात. कीव्हचे शटर धातूच्या पट्ट्यांचे असते आणि त्या पट्ट्या रेशमी फितींवर चालतात. फीत तुटली तर दुरुस्त करणारा माणूस मिळणे अवघड असते. फेड आणि झोर्कीमध्ये शटर ताणल्याशिवाय वेगाची चकती फिरवू नये, कारण ती चकती पडद्यासोबत फिरते आणि ताणलेल्या स्थितीतच तिच्या खुणा योग्य जागी असतात. हळू वेगांची गिअरमाला असलेल्या झोर्की-४ मध्ये ही चूक महागात पडते. फेड-२ मध्ये हळू वेगच नाहीत, त्यामुळे बिघडायला जागाही कमी. फेड-४ आणि कीव्ह-४ वरच्या सेलेनियम प्रकाशमापकासाठी जादा पैसे मोजू नयेत. तो बहुधा थकलेला असतो. आपल्या पावसाळी हवेत लेन्सवर बुरशी चढते, ती विजेरीच्या तिरप्या उजेडात जाळ्यासारखी दिसते.

एका गोष्टीविषयी जरा कडक लिहावेसे वाटते. सोनेरी मुलामा दिलेले, ‘बर्लिन ऑलिंपिक १९३६’ किंवा नाझी वायुदलाची चिन्हे कोरलेले ‘लायका’ बाजारात फिरत असतात. त्यांपैकी बहुतेक फेड किंवा झोर्कीच असतात. लेन्स काढून आत डोकावले की पितळ उघडे पडते : अस्सल लायकाच्या तरफेच्या टोकाला फिरणारी चकती असते, फेड-झोर्कीच्या टोकाला सहसा न फिरणारी घडीव पाचर. ‘रशियन काचेची जादू’ म्हणून विकला जाणारा मऊ उजेडही पुष्कळदा लेन्सच्या आतल्या परावर्तनांचा आणि धूसर काचेचा परिणाम असतो.

माझा स्वतःचा कौल फेड-२ ला आहे. पाया मोठा, पाठ पूर्ण निघत असल्यामुळे रोल भरणे सोपे, तर फेड-१ आणि पहिल्या झोर्कीत तळातून रोल सरकवण्यासाठी त्याची जीभ कात्रीने लांब कापून घ्यावी लागते. त्यावर इंडस्टार-२६एम किंवा इंडस्टार-६१ ही एफ/२.८ ची लेन्स पुष्कळ झाली. मात्र विटलेल्या ठिपक्याचा फेड-२ आणि स्वच्छ ठिपक्याचा झोर्की-४ समोर असतील, तर बेलाशक झोर्की घ्यावा.

पहिला रोल संध्याकाळच्या सावलीत, छिद्र पूर्ण उघडे ठेवून, एक मीटर, तीन मीटर आणि दूर अशा तीन अंतरांवर वापरावा आणि धुतलेली निगेटिव्ह भिंगाखाली पाहावी. प्रत्येक वेळी फोकस एकाच बाजूला चुकलेला असेल तर जुळणी बिघडलेली आहे आणि ती सुधारता येते. कधी पुढे, कधी मागे असा चुकत असेल, तर लेन्सचे कडे सैल आहे, फिल्म सपाट राहत नाही किंवा ठिपका नीट दिसत नाही. अशा वेळी परत करण्याची मुदत संपण्याआधी कॅमेरा विक्रेत्याकडे पोहोचवावा.