वय कोण विचारतं? कल्याणीनगरच्या मागचा इतिहास

१९ मे २०२४, रात्री अडीचच्या सुमारास पुण्यात कल्याणीनगरला पोर्शेनं बाईक उडवली आणि चोवीस वर्षांचे दोन इंजिनिअर गेले, एक मुलगा एक मुलगी, दोघंही मध्य प्रदेशातून नोकरीला आलेले. गाडी सतरा वर्षांचा मुलगा चालवत होता आणि तो पिऊन होता असा पोलिसांचा आरोप आहे. जामीन देताना बाल न्याय मंडळानं त्या मुलाला लिहायला सांगितलेला तीनशे शब्दांचा निबंध सगळ्यांच्या लक्षात राहिला, पण त्या रात्री जे नियम मोडले म्हणतात ते आले कुठून हे फारसं कुणी सांगत नाही, म्हणून हे लिहितोय.

सुरुवात दारूपासून. बारच्या पाटीवर 'परमिट रूम' का लिहितात ठाऊक आहे? मोरारजी देसाईंच्या काळात, १९४९ ला मुंबई प्रांतात दारूबंदीचा कायदा झाला, बंदी पुढे सैल होत गेली पण कायदा तसाच राहिला, आज तो महाराष्ट्राच्या नावानं आहे. त्यामुळे आपल्याकडे प्यायची तर परवाना लागतो, एक दिवसाचा परवाना अगदी पाच रुपयांत मिळतो. वय बिअर-वाइनला २१ आणि बाकी दारूला २५. शेजारच्या गोव्यात १८. म्हणजे परवाना खरंच मागितला तर वय तिथल्या तिथे कळेल, पण टेबलावर येऊन परवाना विचारणारा वेटर मी तरी आजवर पाहिलेला नाही. त्या रात्री त्या पोरांनी एका ठिकाणी दीड तासात ४८ हजारांचं बिल केलं असं पुण्याच्या पोलीस आयुक्तांनीच सांगितलं होतं.

गाडीचा कायदा वेगळा. १९३९ च्या मोटार कायद्यात मूळात एवढंच होतं की गाडीवर ताबा राहणार नाही इतका प्यायलेला नको, आता ते ठरवायचं कसं? १९८८ च्या नव्या कायद्यात आधी रक्तात दारूचा थेंबही चालणार नाही असं लिहिलं, मग १९९४ मध्ये १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम ही मर्यादा आली. नाकाबंदीत पोलीस पांढरी प्लास्टिकची नळी तोंडाशी धरून फुंकायला सांगतात ना, ती हीच मर्यादा बघायला.

पण मुंबईला खरा हादरा बसला १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे. कार्टर रोडच्या फुटपाथवर रस्त्याच्या कामावरचे मजूर झोपले होते, त्यांच्यावर कार चढली, सात जण गेले, आठ जखमी. चालवणाऱ्याच्या रक्तात ११२ मिलिग्रॅम, म्हणजे मर्यादेच्या जवळजवळ चौपट. सेशन्स कोर्टानं सहा महिने दिले. सात माणसांचे सहा महिने! लोक चिडले, हायकोर्टानं स्वतःहून प्रकरण हातात घेतलं आणि सदोष मनुष्यवधाखाली तीन वर्षं केली, सुप्रीम कोर्टानं २०१२ ला तीच कायम ठेवली. पिऊन गाडी घालणं हा नुसता निष्काळजीपणा नाही, हे इथे पक्कं झालं. २००७ पासून मुंबईच्या ट्रॅफिक पोलिसांनी रात्रीची तपासणी जोरात सुरू केली तीही याच काळात.

अल्पवयीन मुलांचं मात्र अडकूनच राहिलं. दिल्लीत २०१६ ला अठरा पूर्ण व्हायला काहीच दिवस राहिलेल्या मुलानं मर्सिडीजनं एकाला उडवलं, त्याच्यावर प्रौढ म्हणून खटला चालवायचा का हे भांडण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. २०२० ला कोर्टानं सांगितलं की ज्या गुन्ह्याला कमीत कमी सात वर्षांची शिक्षा लिहिलेली नाही तो 'घृणास्पद' गटात येत नाही, आणि प्रौढ म्हणून खटला फक्त त्याच गटात चालतो. मध्येच २०१९ च्या दुरुस्तीत मुलाच्या हाती गाडी दिली तर पालकाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद आली, मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही, पिऊन चालवण्याचा दंड दोन हजारांवरून दहा हजार झाला.

आणि तरी कल्याणीनगर झालं. त्या पोर्शेचं १,७५८ रुपये भरले नाहीत म्हणून कायमचं रजिस्ट्रेशनच झालेलं नव्हतं, ती रस्त्यावर आलीच कशी? शरीरातली दारू तासातासाला उतरत जाते म्हणून रक्त लगेच घ्यायला हवं, इथे ते सकाळी कित्येक तासांनी घेतलं गेलं आणि तेही बदललं असा आरोप आला, पुण्याच्या ससून रुग्णालयाचे दोन डॉक्टर अटकेत गेले, मुलाचे आईवडीलही. मुलावर प्रौढ म्हणून खटला चालवा ही पोलिसांची मागणी बाल न्याय मंडळानं जुलै २०२५ मध्ये फेटाळली.