प्रवाळ मत्स्यालयातील नकोशा माशांची धरपकड

खडकांची रचना करून त्यावर जिवंत प्रवाळ वाढवलेल्या घरगुती खाऱ्या पाण्याच्या टाकीतून इतर जिवांना छळणारा, प्रवाळ कुरतडणारा किंवा त्या टाकीत जगू न शकणारा मासा इजा न करता पकडून बाहेर काढणे. हौशी लोक अशा टाकीला ‘रीफ टाकी’ म्हणतात. गोड्या पाण्यातला गोल्डफिश काढायला एक जाळे आणि दोन मिनिटे पुरतात. रीफ टाकीतून बोटभर लांबीचा डॅमसेल जातीचा मासा काढायला कधी कधी पंधरवडा जातो, आणि त्यात मासा जिंकण्याचीच शक्यता जास्त असते.

कारण उघड आहे. माशांना सुरक्षित वाटावे म्हणून मालकाने स्वतःच खडकात बिळे, कपारी आणि बोगदे ठेवलेले असतात. मासा त्या जागेत चोवीस तास राहतो, माणूस फक्त बाहेरून बघतो. जाळे पाण्यात शिरताच होणारी हालचाल माशाला अंगावरच्या पार्श्वरेषेमुळे जाणवते, आणि जाळे खडकापर्यंत पोचण्याआधी तो आत गेलेला असतो. खडक उचलावा तर त्यावर वर्ष-दोन वर्षे वाढवलेले प्रवाळ चिकटवलेले असतात. म्हणून या कामात चपळाई फारशी उपयोगाची नाही. माशाच्या सवयी ठाऊक असाव्या लागतात.

वडोदऱ्यातील परिस्थिती. वडोदऱ्याहून खंभातचे आखात फार लांब नाही, पण ते पाणी रीफ टाकीच्या कामाचे नाही. भरती-ओहोटीतला फरक तिथे जगातल्या मोठ्या फरकांपैकी एक आहे. भावनगरकडे तो दहा मीटरच्या वर जातो, आणि घुसळलेल्या गाळामुळे पाणी कायम गढूळ असते. गुजरातचे प्रवाळ आहेत ते कच्छच्या आखातात, पिरोटन आणि आसपासच्या बेटांभोवती. तिथे १९८२ पासून सागरी राष्ट्रीय उद्यान आहे, आणि दगडी सांगाड्याचे प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. तिथला खडकाचा तुकडासुद्धा घरी आणता येत नाही. त्यामुळे रावपुऱ्यातल्या किंवा दांडियाबाजारातल्या दिवाणखान्यात समुद्र मांडायचा तर मानवनिर्मित खडक, आरओचे पाणी आणि पाकिटातले सागरी मीठ एवढ्यावरच भागवावे लागते. मिठागरांच्या राज्यात मीठ विकत आणतो म्हणून घरचे हसतात, पण स्वयंपाकाच्या मिठात जवळजवळ नुसते सोडियम क्लोराइड असते. प्रवाळाला कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि इतर क्षारही लागतात.

लिटरला सुमारे ३५ ग्रॅम या हिशोबाने २०० लिटरच्या टाकीला सात किलो मीठ लागते. पाणी उपसून मासा पकडण्याची पद्धत इथे जिवावर येते ती यामुळे. दुसरी अडचण उन्हाळ्याची. मे महिन्यात पारा चाळिशीपार असतो. पाणी तापले की त्यात विरघळणारा प्राणवायू कमी होतो, आणि खाऱ्या पाण्यात तो मुळातच गोड्या पाण्यापेक्षा कमी असतो. अशा दिवसांत तासभर पाठलाग केलेला मासा हातात आला तरी संध्याकाळपर्यंत टिकेलच असे नाही. तातडी नसेल तर हे काम दिवाळीनंतर काढावे.

नकोसे मासे. यादीत पहिला मान डॅमसेलचा. स्वस्त, चमकदार आणि चिवट. नव्या टाकीत अमोनियाचे चक्र बसेपर्यंत (म्हणजे विषारी अमोनिया पचवणारे जिवाणू पुरेसे वाढेपर्यंत) पाणी ‘पिकवायला’ म्हणून दुकानदार तीन-चार डॅमसेल देतो. ते मरत नाहीत, हीच पुढे पंचाईत होते. काळ्या अंगावर तीन पांढरे ठिपके असलेला डोमिनो, म्हणजे डॅसिलस ट्रायमॅक्युलेटस, दुकानात नखाएवढा असतो आणि वाढून १४ सेंटिमीटरपर्यंत जातो. तोवर अर्धी टाकी त्याच्या मालकीची झालेली असते आणि नवा आलेला प्रत्येक मासा त्याचा मार खातो. टाकीतला हा ‘दादा’ मुळात दुष्ट नसतो. खुल्या प्रवाळभित्तीवर हरलेला मासा दूर निघून जातो. तीन फुटी काचेत त्याला जायला जागा नसते, इतकेच. हे पाप दुकानदाराइतकेच घाई करणाऱ्या मालकाचेही आहे. चक्र बसवायला कोळंबीचा एक तुकडा किंवा मोजून घातलेले अमोनियम क्लोराइड पुरते, त्यासाठी मासा लागत नाही.

याच भांडखोर स्वभावाचे डॉटीबॅक, सहा रेघांचा रास (इंग्रजीत ‘wrasse’ म्हणतात तो मासा) आणि मरून क्लाउनफिशची मादी. दुसरा गट खाणाऱ्यांचा. बहुतेक फुलपाखरू मासे प्रवाळाचे पॉलिप (ज्यांचा प्रवाळ बनतो ते बारीक जीव) टिपतात, बुटके एंजलफिश कधी टिपतात कधी नाही, ट्रिगरफिश शिंपले आणि खेकडे फोडतो, चंद्ररास कोळंबी ठेवत नाही, आणि लायनफिश तोंडात मावेल ते गिळतो. तिसरा गट निरपराध्यांचा आहे. मँडरिन मासा कोणालाही त्रास देत नाही, पण तो दिवसभर बारीक कवचधारी जीव टिपत फिरतो. नव्या किंवा लहान टाकीत ते संपतात आणि तो सगळ्यांच्या डोळ्यांदेखत रोडावत जातो. त्याला काढायचे ते त्याच्याच भल्यासाठी.

सापळा. सर्वांत भरवशाची पद्धत हीच. ओढ्याच्या वाहत्या तोंडाशी लावतात त्या निमुळत्या तोंडाच्या बांबूच्या टोपलीचे तत्त्व इथेही तेच. शीतपेयाच्या दोन लिटरच्या बाटलीचा वरचा भाग कापून, उलटा करून, बूच काढून पुन्हा आत बसवायचा. पाणी खेळावे म्हणून तापवलेल्या सुईने भोके पाडायची, कापलेली कड पॉलिश कागदाने घासायची. यापेक्षा चांगला म्हणजे एका बाजूला उभे सरकते दार असलेला अॅक्रिलिकचा डबा. दार दोऱ्याने वर धरायचे आणि मासा आत गेला की सोडायचे. दोरा गळाचा नायलॉनचा घ्यावा. उत्तरायण झाल्यावर घरात फिरकीवर उरलेला मांजा हाताशी असतो आणि मोह होतो, पण त्यावरची काचेची पूड आणि रंग टाकीत जाता कामा नये.

सापळा लावला आणि मासा आला असे होत नाही. पहिले दोन-तीन दिवस दार उघडे बांधून डबा नुसता ठेवून द्यायचा. मग खाणे फक्त त्याच्या तोंडाशी, पुढे फक्त आत. हवा तो मासा सोडून बाकी सगळे आधी आत जातात. साधू खेकडे (रिकाम्या शंखात राहणारे) आमिष ओढून नेतात, गरीब गोबी मासा त्यात तळ ठोकून बसतो. त्यांना शांतपणे जाऊ द्यावे. दादा आत जाऊन-येऊन निर्धास्त झाला की एक दिवस टाकीत अन्न घालायचे नाही आणि दुसऱ्या दिवशी डब्यात मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव) किंवा कोळंबीचा तुकडा ठेवायचा. खोलीतले दिवे बंद, टाकीतला चालू, म्हणजे त्याला बाहेरचे फारसे दिसत नाही. दोरा धरणाऱ्याने दोन मीटर लांब खुर्ची टाकून बसावे. दार एकदा फसले तर मासा आठवडाभर डब्याकडे फिरकत नाही. त्यामुळे तो अर्धा आत असताना दोरा सोडायचा मोह आवरावा. शेपूट दाराच्या आत गेल्याखेरीज सोडू नये. जो मासा खाण्याला भुलत नाही पण भांडायला येतो, त्याच्यासाठी डब्याच्या मागच्या भिंतीला बाहेरून आरसा लावतात. स्वतःच्याच प्रतिबिंबावर धावून जाणारा डॅमसेल बघताना मजा वाटते खरी.

इतर पद्धती. जाळे वापरायचेच तर दोन वापरावीत. एक कोपऱ्यात स्थिर धरायचे आणि दुसऱ्याने मासा हळूहळू त्याकडे वळवायचा. एंजलफिशच्या गालावरचा काटा जाळ्यात अडकतो, म्हणून शेवटचा उचल पारदर्शक प्लास्टिकच्या भांड्याने करावा. रात्रीची पद्धत अनेकांना ठाऊक नसते. बरेच मासे रोज त्याच कपारीत झोपतात. दिवे गेल्यावर मंद लाल टॉर्चने ती जागा दोन-तीन रात्री हेरून ठेवावी. तो खडक सुटा असेल तर माशासकट अलगद बादलीत घेता येतो. सहा रेघांचा रास स्वतःभोवती चिकट कोष विणून झोपतो, तर हॅलिकोरीस रास वाळूत पुरून घेतात. गळ हा खादाड राससाठी आणि ट्रिगरसाठी शेवटचा उपाय. अगदी बारीक घ्यावा आणि त्याचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करावा.

सगळे हरले की पाणी उपसणे. ते स्वच्छ पिंपात साठवून परत वापरायचे. चार-सहा इंच पाणी उरले की माशाला खडकातून उतरावेच लागते. ओहोटीत उघडे पडणारे प्रवाळ निसर्गातही असतात, त्यामुळे दहा मिनिटांनी बिघडत नाही; मात्र पंखा बंद ठेवावा आणि त्यांच्यावर तेच पाणी शिंपडत राहावे. वाळूचा जाड थर ढवळू नये, त्यात हायड्रोजन सल्फाइड साठलेला असू शकतो.

औषधाने मासा गुंगवण्याचा सल्ला कधीतरी मिळतो. लवंगेच्या तेलातले युजेनॉल माशांना भूल देते हे खरे, पण ते वेगळ्या भांड्यात. टाकीत ओतले तर प्रवाळ आणि कोळंबी आधी मरतात. प्रवाळभित्तीत सायनाइड फवारून मासे धरण्याची रीत १९६० च्या दशकात फिलिपिन्समध्ये सुरू झाली. तिने मासे मिळाले, पण भित्ती उद्ध्वस्त झाल्या. घरातली लवंगतेलाची बाटली हा त्याच विचाराचा छोटा अवतार आहे.

हाताला जाड रबरी मोजे हवेत. झोअँथिड जातीच्या काही प्रवाळांत पॅलिटॉक्सिन हे तीव्र विष असते. खडक हलवताना चष्मा लावावा, जखमी हात पाण्यात घालू नये. सर्जनफिशच्या शेपटीजवळ वस्तऱ्यासारखे पाते असते. लायनफिश व फॉक्सफेस यांचे काटे विषारी. टोचल्यास सोसवेल इतक्या गरम, सुमारे ४५ अंशांच्या पाण्यात हात बुडवून डॉक्टर गाठावा.

पकडल्यानंतर. मासा आधी संपमध्ये (मुख्य टाकीला जोडलेल्या, पाणी गाळण्याच्या खालच्या टाकीत) किंवा झाकण असलेल्या वेगळ्या टाकीत ठेवतात, मग दुकानाला परत किंवा योग्य टाकी असलेल्या माणसाला देतात. विश्वामित्रीत किंवा सुरसागरात सोडणे म्हणजे सोडणे नव्हे. गोड्या पाण्यात सागरी माशाच्या शरीरात पाणी शिरत जाते, क्षार निघून जातात आणि तो तडफडून मरतो. समुद्रात सोडणे तर त्याहून वाईट. हिंद-प्रशांत महासागरातला लायनफिश १९८५ मध्ये फ्लोरिडाजवळ आढळला. मत्स्यालयांतून सुटलेल्या किंवा सोडलेल्या माशांमुळे तो तिथे पोचला असे मानतात, आणि आज तो कॅरिबियन समुद्रभर पसरून स्थानिक मासे खातो आहे.

घरच्यांनी माशाचे नाव ठेवले असेल तर निरोपाला दोन दिवस जास्त लागतात. रिकामी जागा मात्र लवकर भरते. क्लाउनफिशच्या जोडीतली भांडखोर मादी काढली तर मागे उरलेला नर काही आठवड्यांत मादी होऊ लागतो. डॅसिलसमध्ये उलटे घडते. नर गेला की सर्वांत मोठी मादी नर बनते. म्हणून जोडी किंवा टोळी असेल तर सापळा एकासाठी लावत नाहीत, सगळ्यांसाठी लावतात.