पेटलेल्या पोलिसगाड्या आणि चौदा गाणी : डेड केनेडीजच्या पहिल्या अल्बममागचं सॅन फ्रान्सिस्को

डेड केनेडीज या अमेरिकी पंक बँडचा पहिला अल्बम सप्टेंबर १९८० मध्ये बाजारात आला. नाव 'फ्रेश फ्रूट फॉर रॉटिंग व्हेजिटेबल्स'. मुखपृष्ठावर रात्रीच्या अंधारात पेटलेल्या पोलिसगाड्या. हे दृश्य कुणी जुळवून आणलेलं नव्हतं. २१ मे १९७९ च्या रात्री सॅन फ्रान्सिस्कोच्या सिटी हॉलपाशी एका वृत्तपत्र छायाचित्रकाराने ते टिपलं होतं. पंक म्हणजे सगळ्या व्यवस्थेवर सरसकट आगपाखड, असं धरून हा अल्बम ऐकला तर त्यातलं निम्मं निसटतं. यातली बरीच गाणी त्या दोन-तीन वर्षांच्या वर्तमानपत्रांतून उचलल्यासारखी आहेत. आणि त्यांचा राग उजव्यांपेक्षा स्वतःला पुरोगामी म्हणवणाऱ्या सुखवस्तू मंडळींवर जास्त आहे, असं माझं मत आहे.

गाड्या का पेटल्या, ते आधी पाहू. डॅन व्हाइट हा शहराच्या बोर्ड ऑफ सुपरवायझर्सचा, म्हणजे आपल्या महापालिका सभागृहासारख्या मंडळाचा सदस्य. आधी पोलीस, मग अग्निशमन दलात. नोव्हेंबर १९७८ मध्ये त्याने राजीनामा दिला, काही दिवसांत तो परत मागितला, आणि महापौर जॉर्ज मॉस्कोनी यांनी त्याला पुन्हा नेमायला नकार दिला. २७ नोव्हेंबरला तो तळघराच्या खिडकीतून सिटी हॉलमध्ये शिरला. त्याने आधी मॉस्कोनींना आणि मग हार्वे मिल्क यांना गोळ्या घातल्या. आपण समलैंगिक आहोत हे उघडपणे सांगून कॅलिफोर्नियात निवडून आलेले मिल्क हे पहिले लोकप्रतिनिधी. खटल्यात बचाव पक्षाने व्हाइटच्या नैराश्यावर भर दिला. गोडधोड आणि अरबटचरबट खाणं वाढलं हे त्या नैराश्याचं एक लक्षण म्हणून मांडलं गेलं. वर्तमानपत्रांनी त्याचं 'ट्विंकी डिफेन्स' (ट्विंकी हा पाकीटबंद क्रीम-केक) करून टाकलं, जणू वकिलांनी खुनाचा दोष केकवर ढकलला होता. काही असो, ज्युरीने खुनाऐवजी सदोष मनुष्यवधाचा निर्णय दिला. शिक्षा सात वर्षं आठ महिने. निकालाच्या संध्याकाळी कॅस्ट्रो या समलैंगिकांची मोठी वस्ती असलेल्या भागातून निघालेला मोर्चा सिटी हॉलवर पोचला, काचा फुटल्या, डझनभर पोलिसगाड्या जळाल्या. त्याच रात्री उशिरा पोलीस कॅस्ट्रोमधल्या 'एलिफंट वॉक' या बारमध्ये घुसले आणि त्यांनी तिथल्या लोकांना झोडपलं. मुखपृष्ठावर यातला पहिला भाग दिसतो, दुसरा दिसत नाही.

शहराची ती तारखांची माळच विलक्षण होती. १८ नोव्हेंबर १९७८ ला गयानातल्या जोन्सटाउनमध्ये आणि जवळच्या धावपट्टीवर मिळून नऊशेहून अधिक माणसं मेली. जोन्सटाउन ही 'पीपल्स टेंपल' पंथाची वसाहत. हा पंथ सॅन फ्रान्सिस्कोत फोफावलेला, आणि त्याचा म्होरक्या जिम जोन्स याला मॉस्कोनींनीच शहराच्या गृहनिर्माण प्राधिकरणावर नेमलेलं. २२ नोव्हेंबर हा जॉन केनेडींच्या हत्येचा पंधरावा स्मृतिदिन. त्या दिवशी डेड केनेडीज नावाचा बँड वाजवणार, हे वाचून 'क्रॉनिकल' या स्थानिक दैनिकाचे प्रसिद्ध स्तंभलेखक हर्ब केन यांनी अभिरुचीच्या नावाने गळा काढला होता. पुढच्या पाच दिवसांत महापौराचाच खून झाला.

बँड तेव्हा चार-पाच महिन्यांचा होता. पहिला कार्यक्रम जुलै १९७८ मध्ये ब्रॉडवे रस्त्यावरच्या 'माबुहाय गार्डन्स'मध्ये झाला. हे मुळात फिलिपिनो रेस्टॉरंट; रात्री तिथे पंक बँड वाजवायचे. तिथून चालत जाण्याच्या अंतरावर कर्नी स्ट्रीटवर 'इंटरनॅशनल हॉटेल' होतं. स्वस्त खोल्यांत राहणारे वृद्ध फिलिपिनो आणि चिनी भाडेकरू तिथे कित्येक वर्षं बेदखलीविरुद्ध लढत होते. त्यांना बाहेर काढायला सुरुवातीला नकार दिला म्हणून शेरीफ रिचर्ड हाँगिस्टो यांना पाच दिवस कोठडीत बसावं लागलं होतं. ऑगस्ट १९७७ मध्ये शेकडो पोलिसांनी मानवी साखळी तोडून इमारत रिकामी केली. 'लेट्स लिंच द लँडलॉर्ड' हे गाणं त्या हॉटेलावर नाही. गळणारं छत, झुरळं आणि भाडं वाढवणारा मालक एवढाच त्याचा ऐवज. पण ते ज्या शहरात वाजत होतं तिथे भाडं हा जिवाचा प्रश्न झाला होता. जून १९७८ मध्ये 'प्रपोझिशन १३' या कॅलिफोर्नियातल्या मतदारांनी मंजूर केलेल्या प्रस्तावाने मालमत्ता कराला लगाम घातला. त्याचा फायदा भाडेकरूंपर्यंत झिरपेल अशी आश्वासनं होती. तो झिरपला नाही, आणि वर्षभरात शहराला भाडेनियंत्रणाचा वटहुकूम आणावा लागला.

गायक जेलो बियाफ्रा, मूळचा कोलोराडोतल्या बोल्डरचा एरिक बाउचर. टोपणनावाचं अर्धं जेलीच्या गोड पाकिटाचं, अर्धं नायजेरियातल्या, दुष्काळात होरपळलेल्या बियाफ्राचं. १९७९ च्या शरदात तो थेट महापौरपदाला उभा राहिला. जाहीरनाम्यात व्यावसायिकांनी शहराच्या हद्दीत विदूषकाचे कपडे घालावेत अशी अट होती. हे सगळ्यांना आठवतं. त्याच कागदावर पोलिसांनी आपापल्या भागातल्या मतदारांकडून निवडून यावं, आणि कर थकलेल्या रिकाम्या इमारतींत बेघरांना राहू द्यावं, अशा मागण्याही होत्या. त्या मात्र थट्टेच्या नव्हत्या. मॉस्कोनींच्या जागी महापौर झालेल्या प्रतिस्पर्धी डायान फाइनस्टाइन यांनी प्रसिद्धीसाठी रस्ता झाडल्यावर हा गडी त्यांच्या अंगणातला पालापाचोळा व्हॅक्यूम क्लीनरने गोळा करत बसला. सहा हजारांवर, म्हणजे पावणेचार टक्क्यांच्या आसपास मतं त्याला पडली. दुसऱ्या फेरीत फाइनस्टाइन जिंकल्या.

'कॅलिफोर्निया युबर आलेस' ('सर्वांहून वर कॅलिफोर्निया') हे गाणं जून १९७९ मध्येच सिंगल, म्हणजे सुटी तबकडी म्हणून आलं होतं. त्याचं लक्ष्य गव्हर्नर जेरी ब्राउन. गव्हर्नरचा बंगला नाकारून भाड्याच्या घरात राहणारे, साधी प्लिमथ गाडी वापरणारे, झेनमध्ये रस असलेले डेमोक्रॅट. गाण्यात तेच राष्ट्राध्यक्ष होतात आणि मग ध्यानधारणा सक्तीची होते, स्वेड-डेनिमच्या कपड्यांतले गुप्त पोलीस दारात येतात. नाझी जर्मनीची आठवण देणारं शीर्षक एका हिप्पीवळणाच्या नेत्याला चिकटवणं हा अतिरेक होताच. अंदाजही चुकला. मार्च १९८० मध्ये 'बे एरिया म्युझिक अवॉर्ड्स'च्या मंचावर बँडला हेच गाणं वाजवायला बोलावलं. त्यांनी काही क्षण ते वाजवलं, थांबवलं, आणि पांढऱ्या शर्टांवर रंगवलेल्या 'एस'वर काळे टाय पुढे लोंबते सोडून डॉलरचं चिन्ह उमटवत संगीत कंपन्यांवरचं वेगळंच गाणं सुरू केलं.

अल्बमचा कळस मात्र 'हॉलिडे इन कंबोडिया'. ईस्ट बे रे याच्या गिटारचा प्रतिध्वनीत भिजलेला दीर्घ आरंभ, आणि मग वर्ष-दोन वर्षं कॉलेजात काढून जगाचं दुःख समजल्याचा आव आणणाऱ्या पोराला दिलेलं आमंत्रण : चल, पोल पॉटच्या शेतावर राबायला. एप्रिल १९७५ ते जानेवारी १९७९ या काळात कंबोडियात पोल पॉटच्या ख्मेर रूज या कम्युनिस्ट गटाच्या राजवटीत पंधरा लाखांवर माणसं मेली. व्हिएतनामी फौजांनी ती राजवट उलथवली, तरी संयुक्त राष्ट्रांतली कंबोडियाची जागा तिच्याच प्रतिनिधींकडे राहिली, अमेरिकेच्या पाठिंब्याने. (भारताने वेगळी वाट धरून जुलै १९८० मध्ये नोम पेन्हच्या नव्या सरकारला मान्यता दिली होती.) गाण्यात हे राजनैतिक तपशील नाहीत, शेवटी फक्त पोल पॉटच्या नावाचा घोष आहे.

उरलेल्यांपैकी 'किल द पुअर' इमारती शाबूत ठेवून माणसं मारणाऱ्या न्यूट्रॉन बॉम्बवर आहे. राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी १९७८ मध्ये त्याचं उत्पादन लांबणीवर टाकलं होतं. 'व्हेन या गेट ड्राफ्टेड' मागे अफगाणिस्तानातल्या सोव्हिएत आक्रमणानंतर पुन्हा सुरू झालेली लष्करभरतीची नोंदणी आहे. काही गाणी निव्वळ धक्का देण्यासाठी लिहिली आहेत आणि आज ती पोकळ वाटतात.

ध्वनिमुद्रण १९८० च्या उन्हाळ्यात सॅन फ्रान्सिस्कोतच झालं. निर्माता म्हणून छापलेला 'नॉर्म' हे ध्वनिमुद्रकाचं मांजर. प्रत्यक्ष काम बरंचसं ईस्ट बे रेचं. अल्बम आधी ब्रिटनमध्ये 'चेरी रेड'ने काढला आणि तिथल्या यादीत तो ३३ व्या क्रमांकापर्यंत चढला.

दोन महिन्यांत रेगन निवडून आले. १९८१ मध्ये बँडने ब्राउनवरचं गाणं नव्या शब्दांत रेगन यांच्यावर फिरवलं. डॅन व्हाइट जानेवारी १९८४ मध्ये सुटला आणि पुढच्या वर्षी त्याने आत्महत्या केली. बँडने एक जुनं रॉक गाणं बदलून खुन्याच्याच तोंडी घातलं. बियाफ्रा आणि बाकीचे तिघे मात्र रॉयल्टीवरून कोर्टात गेले. सन २००० मध्ये ज्युरीने बियाफ्राविरुद्ध निकाल दिला. लिव्हाय्सच्या जाहिरातीसाठी 'हॉलिडे इन कंबोडिया' द्यायला आपण नकार दिला, भांडण त्यातून पेटलं, असं बियाफ्रा सांगतो. इतरांना ते मान्य नव्हतं. २००१ मध्ये ते दुसरा गायक घेऊन हीच गाणी वाजवू लागले.