गाभण घोडीचे साथीच्या काळातील लसीकरण

तबेल्यात किंवा आसपास संसर्गजन्य रोग पसरलेला असताना गाभण घोडीला लस द्यावी का, द्यायची तर कोणती आणि कधी, याचा पशुवैद्यकीय निर्णय. घोडीचा गर्भकाळ सुमारे ३४० दिवसांचा असतो. त्यामुळे एकच साथ एका घोडीला दुसऱ्या महिन्यात गाठते, तर दुसरीला अगदी व्यायच्या तोंडावर, आणि दोघींसाठी उत्तर वेगळे येते.

पहिला प्रश्न लसीचा नसून थर्मामीटरचा असतो. प्रौढ घोड्याचे गुदद्वारातून मोजलेले तापमान साधारण ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस असते. साथीत ते सकाळ-संध्याकाळ मोजून प्रत्येक घोडीच्या नावापुढे लिहून ठेवावे लागते. ताप चढलेल्या किंवा नाकातून स्राव येणाऱ्या घोडीला त्या वेळी लस टोचत नाहीत. आजारी शरीर लसीला नीट प्रतिसाद देईलच असे नाही, शिवाय नंतरचा ताप रोगाचा की लसीचा, हे कळेनासे होते. लस हे औषध नव्हे. शरीरात शिरलेला रोग ती बरा करत नाही. अशा घोडीला वेगळे ठेवून तिच्यावर उपचार करणे हेच काम.

निरोगी दिसणाऱ्या, रोग्याच्या संपर्कात न आलेल्या घोडीची गोष्ट वेगळी. आधी लस घेतलेली असेल तर बूस्टरने तिची प्रतिकारशक्ती थोड्या दिवसांत वाढते. पहिल्यांदाच लस घेणारीला मात्र काही आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा लागतात, आणि साथ तेवढी थांबत नाही.

गाभण घोडीच्या बाबतीत सर्वात धास्ती असते ती अश्व हर्पिस विषाणू-१ ची. या रोगात घोडी बहुधा शेवटच्या तिमाहीत, कसलीही पूर्वसूचना न देता गाभडते. कास भरलेली नसते, आदल्या दिवशी ती नेहमीसारखी चरत असते आणि सकाळी गवतावर पिशवीतच मेलेले शिंगरू वारेसह पडलेले दिसते. ते शिंगरू, ती वार आणि सांडलेले पाणी विषाणूने भरलेले असते. हातमोजे न घालता त्यांना हात लावू नये. प्रतिबंधासाठी पाचव्या, सातव्या आणि नवव्या महिन्यात मृत विषाणूची लस देतात. तिने धोका कमी होतो, संपत नाही. या विषाणूच्या मज्जासंस्थेवरील हल्ल्यापासून तर तिचा भरवसा धरता येत नाही. म्हणून एक घोडी गाभडली की तिच्या कळपातल्या बाकीच्या गाभण घोड्या व्यायेपर्यंत दुसरीकडे हलवू नयेत. लस टोचून झाली म्हणून विलगीकरण सैल करणे ही मोठी चूक.

लसीचा प्रकारही पाहावा लागतो. मृत लसी गाभणपणात सामान्यतः सुरक्षित मानतात. अश्व विषाणूजन्य धमनीदाहाची जिवंत क्षीण लस (जिवंत पण दुबळा केलेला विषाणू असलेली) मात्र गाभण घोडीला टाळतात, विशेषतः शेवटच्या दोन महिन्यांत. स्ट्रँगल्समध्ये, म्हणजे जबड्याखाली गाठी येऊन पिकणाऱ्या रोगात, वेगळीच अडचण आहे: नुकताच रोग होऊन गेलेल्या, रक्तात भरपूर प्रतिपिंडे (रोगाशी लढणारी प्रथिने) असलेल्या घोड्याला लस दिल्यास पर्प्युरा हा रक्तवाहिन्यांचा गंभीर दाह होऊ शकतो.

या साऱ्यात पोटातल्या शिंगराचा हिशेब सुटता कामा नये. घोडीच्या वारेतून प्रतिपिंडे गर्भापर्यंत जवळजवळ पोहोचतच नाहीत. शिंगरू जन्मते तेव्हा या बाबतीत रिकामेच असते. जे मिळायचे ते चिकातून, तेही पहिल्या काही तासांत, कारण सुमारे २४ तासांत आतड्याचे दार बंद होते. म्हणून धनुर्वात, इन्फ्लुएंझा वगैरेंचे बूस्टर व्यायच्या चार ते सहा आठवडे आधी देतात, की चीक तयार होताना ती प्रतिपिंडे त्यात उतरावीत. शिंगरांना जुलाब लावणाऱ्या रोटाव्हायरसची लस आठव्या, नवव्या आणि दहाव्या महिन्यात देतात ती केवळ शिंगरासाठी. साथीमुळे हे बूस्टर चुकले, किंवा व्यायच्या आधीच कासेतून चीक गळून गेला, तर शिंगराच्या रक्तातील आयजीजीचे, म्हणजे चिकातून मिळणाऱ्या मुख्य प्रतिपिंडाचे, प्रमाण तपासून घ्यावे. ते डेसिलिटरला ८०० मिलिग्रॅमच्या वर असावे. कमी भरले तर साठवलेला चीक पाजतात. एक दिवस उलटून गेला असेल तर शिरेतून प्लाझ्मा (रक्तातला प्रतिपिंडे असलेला द्रव) द्यावा लागतो.