कॅनव्हासवरचे भरतकाम: फ्रेम की उशी, हा पेच कुठून आला

कॅनव्हासवरचे, म्हणजे मोजता येतील अशा छिद्रांच्या जाड कापडावरचे, भरतकाम पुरे झाले की फ्रेम करावी, उशी शिवावी की खुर्चीवर चढवावे, हा पेच तसा अलीकडचा. युरोपात कित्येक पिढ्या तुकड्याची जागा आधी ठरायची आणि सुई मग हातात यायची.

सोळाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये जाड मखमलीत बारीक टाका घालणे अवघड जाई. म्हणून फुले, पक्षी वेगळ्या कॅनव्हासवर टेंट स्टिचने, म्हणजे छोट्या तिरक्या टाक्याने, भरत, कडेने कापत आणि पडद्यांवर शिवत. स्कॉटलंडची राणी मेरी 1569 पासून अर्ल ऑफ श्रूजबरी या इंग्रज सरदाराच्या पहाऱ्यात होती. तिने आणि अर्लची पत्नी बेस ऑफ हार्डविक हिने भरलेले अष्टकोनी आणि क्रूसाकृती तुकडे आजही नॉरफोकमधल्या ऑक्सबरो हॉलमध्ये हिरव्या मखमलीवर पाहायला मिळतात. पुढे खुर्च्यांच्या बैठका आणि शेकोटीची झळ अडवणारे उभे पडदे आले. त्यांचेही माप आधी, भरत नंतर.

हा क्रम उलटला बर्लिनमध्ये. 1804 साली फिलिप्सन या प्रकाशकाने चौकटीच्या कागदावर हाताने रंगवलेले नमुने विकायला काढले. 1810 पासून विटिख यांनी तो धंदा मोठा केला. एक चौकोन म्हणजे एक टाका. चित्र आवडले म्हणून घ्यायचे, लोकरीने भरायचे, आणि ठेवायचे कुठे ते मागाहून पाहायचे. भरतकाम काचेआड भिंतीवर जाण्याची चाल याच नमुन्यांनी घरोघर रुजवली. आपल्याकडे मॅटीवरची फुलीच्या टाक्याची चित्रे फ्रेम करून लावतात, त्यांच्यामागेही चौकोन मोजून भरण्याची हीच रीत आहे.

1856 मध्ये इंग्रज रसायनशास्त्रज्ञ पर्किनने कृत्रिम जांभळा रंग शोधल्यावर लोकरीचे रंग भडक झाले, पण त्यांतले बरेच उजेडात टिकले नाहीत. जुना तुकडा उलटा करून पाहा: पुढे मळकट करडा दिसणारा भाग मागे लख्ख जांभळा निघतो. म्हणून संग्रहालये अशा कामावर साधारण 50 लक्सच (लक्स हे उजेडाचे माप), म्हणजे मंद प्रकाश ठेवतात. घरात खिडकीसमोरची भिंत टाळणे एवढे तरी हातात आहेच.

1931 मध्ये भरतकामाच्या जाणकार लुइसा पेसेल यांनी इंग्लंडमधल्या विंचेस्टर कॅथीड्रलसाठी गुडघे टेकण्याच्या गाद्यांचे काम उभे केले, तेव्हा भरतकाम पुन्हा वापरात आले. आणि वापराचा तुकडा टाक्यावरच तगतो. अर्धी फुली आणि टेंट स्टिच पुढून सारखेच दिसतात. पण अर्ध्या फुलीत मागे लोकर जेमतेम येते. टेंटमध्ये लांब तिरके धागे मागची बाजूही झाकतात. अर्ध्या फुलीचे काम भिंतीवर शोभेल, पण रोजच्या बसण्याने कॅनव्हास लवकर उघडा पडेल. आम्ही तर अशा कामाची बैठक करूच नये असे म्हणू.

पुढे काहीही करायचे असो, आधी तुकडा काटकोनात आणावा लागतो. आडव्या ओळींत भरलेला टेंट एकाच दिशेने ओढतो आणि चौकोन तिरका होतो. तिरप्या ओळींत भरल्यास हे कमी होते. रंग जात नाही ना, हे ओल्या पांढऱ्या कापडाने तपासावे. मग तुकडा हलका ओला करावा, म्हणजे कॅनव्हासची खळ सैल होते. पाटावर आखलेल्या चौकोनावर कडा ओढून, न गंजणाऱ्या टाचण्या दर 2 सेंटीमीटरवर लावाव्यात आणि पूर्ण सुकेपर्यंत हलवू नये. अर्धवट ओला काढला तर तो परत तिरका होतो.

फ्रेमसाठी भोवती किमान 5 सेंटीमीटर कोरा कॅनव्हास हवा. फ्रेमवाले बहुधा हार्डबोर्डवर डिंकाने चिकटवून देतात. तो डिंक पिवळा पडतो, आणि पुढे तुकडा सोडवता येत नाही. आम्लरहित पुठ्ठ्यावर कडा मागे दुमडून मजबूत दोऱ्याने आडवे-उभे ओढून घ्यावे, आधी मधून, मग कोपऱ्यांकडे. काच लावलीच तर ती लोकरीला टेकता कामा नये. मध्ये 5-6 मिलिमीटरची पट्टी घालावी. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात काचेच्या आतल्या बाजूला दमट हवा अडकते आणि टेकलेल्या लोकरीवर आधी बुरशी धरते.

उशी करायची असेल तर चित्राभोवती दोन ओळी जास्त भराव्यात. शिवण त्यांच्यात बसते आणि कोरा कॅनव्हास डोकावत नाही.