कागदावरची अणुभट्टी आणि पाण्याखालची अणुभट्टी

१९५३ च्या जून महिन्यात अमेरिकी नौदलातील कॅप्टन हायमन रिकोव्हर यांनी एक छोटेसे टिपण लिहिले. अणुभट्ट्या दोन प्रकारच्या असतात, असा त्याचा आशय होता. कागदावरची अणुभट्टी साधी, लहान, हलकी व स्वस्त असते आणि झटपट उभारता येते. मात्र तिचे बांधकाम अद्याप सुरूच झालेले नसते. प्रत्यक्षातली अणुभट्टी मोठी, जड आणि गुंतागुंतीची असते, तिचे काम मुदतीच्या मागे पडलेले असते आणि गंजासारख्या किरकोळ वाटणाऱ्या गोष्टींवर तिथे अफाट श्रम खर्ची पडतात. हा उपरोध अनुभवातून आलेला होता, कारण त्याच वेळी अमेरिकेतील इडाहो राज्याच्या ओसाड पठारावर त्यांच्या देखरेखीखाली पाणबुडीसाठी घडवलेली पहिली भट्टी पूर्ण क्षमतेच्या चाचणीसाठी सज्ज होत होती.

रिकोव्हर यांचा जन्म १९०० साली, त्या वेळी रशियन साम्राज्यात असलेल्या पोलंडमधील एका ज्यू कुटुंबात झाला. बालपणीच ते अमेरिकेत आले, शिकागोत तारा पोहोचवणाऱ्या मुलाचे काम करत शिकले, १९२२ मध्ये ॲनापोलिसच्या नौदल अकादमीतून बाहेर पडले आणि पुढे कोलंबिया विद्यापीठात त्यांनी विद्युत अभियांत्रिकीचे उच्च शिक्षण घेतले. दुसऱ्या महायुद्धात जहाजांच्या विद्युत यंत्रणेचा विभाग त्यांच्याकडे होता. १९४६ मध्ये नौदलाने अणुतंत्र शिकण्यासाठी काही अधिकारी ओक रिज येथील अणुसंशोधन केंद्रात पाठवले, त्यांत ते होते. दाबाखालच्या पाण्याने थंड होणारी भट्टी पाणबुडीला योग्य ठरेल, ही कल्पना तिथले भौतिकशास्त्रज्ञ ॲल्विन वाइनबर्ग यांची होती. रिकोव्हर यांच्या नावावर असा कोणताही मूलभूत शोध नाही. त्यांचे मोठेपण वेगळ्या जागी शोधावे लागते.

त्या काळातली पाणबुडी ही मुख्यतः पृष्ठभागावर चालणारी नौका होती. डिझेल इंजिनाला हवा लागते, त्यामुळे पाण्याखाली सगळी भिस्त बॅटरीवर असे आणि ती लवकर उतरे. युरेनियमच्या विखंडनाला, म्हणजे अणुकेंद्रके फुटून ऊर्जा बाहेर पडण्याला, प्राणवायूची गरज नसते. विखंडनाची उष्णता भट्टीतले पाणी शोषून घेते. प्रचंड दाबामुळे ते उकळत नाही आणि बंद नळ्यांतून फिरताना दुसऱ्या मंडलातल्या पाण्याची वाफ करते. ती वाफ टर्बाइन फिरवते. विखंडनातून सुटणारे न्यूट्रॉन हे कण मंदावले की पुढची अणुकेंद्रके सहज फोडतात; हेच पाणी त्यांचा वेग कमी करून ही साखळी प्रक्रिया चालू ठेवते, आणि या रचनेतली खरी खुबी इथे आहे. भट्टी जास्त तापली की पाणी प्रसरण पावते, न्यूट्रॉन पुरेसे मंदावत नाहीत आणि विखंडन आपोआप घटते. उलट टर्बाइनने अधिक वाफ ओढली की थंड, दाट पाणी भट्टीत परतते व शक्ती वाढते. वारंवार वेग बदलणाऱ्या नौकेला हा स्वभाव फारच सोयीचा होता.

इंधनावरचे आवरण मात्र डोकेदुखी ठरले. ते गरम पाण्यात टिकणारे हवे आणि न्यूट्रॉन गिळणारे नको. झिर्कोनियम या दोन्ही कसोट्यांना उतरत होते, पण निसर्गात त्याच्यासोबत हाफ्निअम सापडते, आणि रासायनिक गुणधर्मांत जवळजवळ जुळे असलेले हे मूलद्रव्य न्यूट्रॉन शेकडो पटींनी अधिक शोषते. प्रयोगशाळेत थोड्या प्रमाणात मिळणारा हा धातू शुद्ध स्वरूपात टनावारी निर्माण करण्याचा उद्योगच रिकोव्हर यांनी उभा करवला. वेगळे काढलेले हाफ्निअम वाया गेले नाही. न्यूट्रॉन शोषण्याच्या त्याच गुणामुळे ते साखळी प्रक्रिया आवरणाऱ्या नियंत्रक कांड्यांसाठी वापरले गेले.

इडाहोची नमुना भट्टी त्यांनी ऐसपैस दालनात न मांडता पाणबुडीच्या सांगाड्यातच बसवायला लावली. जे नौकेत मावणार नाही ते नमुन्यातही नको, असा हट्ट होता. ३० मार्च १९५३ रोजी तिच्यात साखळी प्रक्रिया सुरू झाली. जूनमधल्या पूर्ण क्षमतेच्या चाचणीत चोवीस तासांनंतर हवी ती माहिती मिळाल्याचे सांगून अभियंते थांबायला तयार होते, परंतु रिकोव्हर यांनी नकाशा मागवून अटलांटिक ओलांडण्याइतके अंतर पुरे होईपर्यंत, म्हणजे सुमारे ९६ तास, यंत्र चालवायला लावले.

‘नॉटिलस’ ही पहिली अणुपाणबुडी १९५४ मध्ये ग्रॉटन येथील गोदीत पूर्ण होत असताना वाफेचा एक लहान नळ फुटला. तपासात कळले की तिथे अखंड नळाऐवजी जोड असलेला साधा नळ बसवला गेला होता. असे आणखी किती नळ कुठे आहेत हे खात्रीने सांगता येईना, तेव्हा रिकोव्हर यांनी त्या प्रकारचे हजारो फूट नळ उपटून नवे बसवण्याचा आदेश दिला. माझ्या मते ध्रुवाखालून झालेल्या १९५८ च्या गाजलेल्या प्रवासापेक्षा हा प्रसंग त्यांची अधिक खरी ओळख करून देतो. १७ जानेवारी १९५५ रोजी ‘नॉटिलस’ प्रथमच अणुशक्तीवर निघाली.

इडाहोची भट्टी घडत असतानाच नौदलाच्या निवड मंडळाने रिकोव्हर यांना दोनदा बढती नाकारली होती, आणि नियमानुसार त्यांना निवृत्त व्हावे लागणार होते. अखेर सिनेटने हस्तक्षेप केला आणि १९५३ मध्ये ते रिअर ॲडमिरल झाले. त्यांचा स्वभाव हे वैराचे एक कारण होतेच. अणुनौकांवर येऊ इच्छिणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याची मुलाखत ते स्वतः घेत आणि उमेदवाराच्या खुर्चीचे पुढचे पाय थोडे कापलेले असत. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले जिमी कार्टरही या मुलाखतीतून गेले होते.

‘सीवुल्फ’ पाणबुडीत पाण्याऐवजी द्रवरूप सोडियम वापरून पाहिले गेले. सोडियम उष्णता उत्तम वाहून नेते, पण पाण्याशी गाठ पडली की पेटते, आणि भट्टीतून गेल्यावर इतके किरणोत्सारी होते की दुरुस्तीसाठी दिवसेंदिवस थांबावे लागते. गळती होऊ लागल्यावर रिकोव्हर यांनी तो मार्ग सोडला व तिथे पाण्याची भट्टी बसवली. १९५७ मध्ये पेनसिल्व्हेनियातील शिपिंगपोर्ट येथे ६० मेगावॅटचे वीजकेंद्र त्यांच्याच देखरेखीखाली सुरू झाले. आज जगातल्या बहुसंख्य अणुवीजभट्ट्या याच कुळातल्या आहेत.

१० एप्रिल १९६३ रोजी ‘थ्रेशर’ ही अमेरिकी अणुपाणबुडी १२९ जणांसह बुडाली. चौकशीनुसार, समुद्राच्या पाण्याच्या नळाचा जोड निखळून आत शिरलेल्या पाण्याने विद्युत यंत्रणेत बिघाड झाला असावा व भट्टी बंद पडली असावी. अशा डाग दिलेल्या जोडांवर रिकोव्हर यांनी कडक टीका केली, आणि ती रास्त होती. मात्र बंद पडलेली भट्टी सावकाश, पायरीपायरीने सुरू करण्याची कार्यपद्धती त्यांच्याच खात्याची होती आणि संकटात तेवढी सवड नसते; दुर्घटनेनंतर भट्टी लवकर सावरण्याची पद्धत आखण्यात आली.

६३ वर्षांच्या सेवेनंतर, वयाच्या ८२ व्या वर्षी, जानेवारी १९८२ मध्ये त्यांना अनिच्छेने निवृत्त व्हावे लागले. कंत्राटदार कंपनीकडून घेतलेल्या भेटवस्तूंबद्दल १९८५ मध्ये नौदलाने त्यांना ठपकाही दिला. पुढच्याच वर्षी त्यांचे निधन झाले. निवृत्तीच्या तोंडावर संसदीय समितीसमोर दिलेल्या साक्षीत त्यांनी सांगितले होते की, पृथ्वीवरचा किरणोत्सार ओसरल्यानंतरच इथे जीवसृष्टी शक्य झाली आणि आपण तो पुन्हा निर्माण करत आहोत. अणुनौकांना त्यांनी गरजेपुरते पत्करलेले अनिष्ट म्हटले आणि आपल्या हाती असते तर त्या सगळ्या बुडवल्या असत्या, असेही सांगितले.