अपेंडिसायटिस की पेरिअपेंडिसायटिस? हिस्टोपॅथॉलॉजी रिपोर्ट वाचताना

ठाण्यात नौपाड्यापासून घोडबंदर रोडपर्यंत कुठल्याही रुग्णालयात अपेंडिक्सचे ऑपरेशन झाले की काढलेला भाग फॉर्मॅलिनच्या डबीतून पॅथॉलॉजी लॅबकडे जातो आणि त्याचा रिपोर्ट बहुधा टाके काढायच्या सुमारास हाती पडतो. तोवर रुग्ण हिंडूफिरू लागलेला असल्याने घरचे शेवटची ओळ तेवढी वाचतात आणि कागद फाइलला लावून टाकतात. त्या ओळीत 'अक्यूट अपेंडिसायटिस' लिहिले आहे की नुसते 'पेरिअपेंडिसायटिस', हे मात्र नीट पाहायला हवे, कारण दुसरा आजार म्हणजे पहिल्याचाच सौम्य प्रकार हा समज चुकीचा आहे.

अपेंडिक्सच्या भिंतीला आतून बाहेर म्युकोसा, सबम्युकोसा, स्नायूंचा थर आणि सेरोसा हे पातळ आवरण असे थर असतात. अक्यूट अपेंडिसायटिसमध्ये दाह आतून बाहेर सरकतो, आणि न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी स्नायूंच्या थरात शिरलेल्या दिसल्या की निदान पक्के होते. पेरिअपेंडिसायटिसमध्ये त्याच पेशी बाहेरच्या सेरोसावर जमलेल्या असतात आणि आतला म्युकोसा शाबूत असतो. आग शेजारच्या घरात लागलेली असते, अपेंडिक्सला तिची झळ बसलेली असते. ती आग स्त्रियांमध्ये गर्भनलिकेच्या संसर्गाची असू शकते, मेकेल्स डायव्हर्टिक्युलमची (लहान आतड्याला जन्मतः असलेल्या पिशवीची) किंवा मोठ्या आतड्याच्या दाहाची असू शकते, आणि आपल्याकडे पोटाचा क्षयरोगही विसरून चालत नाही. अपेंडिक्स काढल्याने यांतले काहीच बरे होत नाही.

रिपोर्टमध्ये दोन्ही शब्द एकत्र आले, म्हणजे 'अक्यूट अपेंडिसायटिस विथ पेरिअपेंडिसायटिस' असे असेल, तर अर्थ पुन्हा बदलतो: दाह आतूनच सुरू होऊन बाहेरच्या आवरणापर्यंत पोहोचला आहे, आणि सहसा दुसरीकडे कारण शोधावे लागत नाही.

हा निवाडा काही मायक्रॉन जाडीच्या कापांवर होतो. टोकाचा भाग उभा चिरतात, मधल्या भागाच्या आडव्या चकत्या घेतात, मुळाकडची कापलेली कड वेगळी तपासतात आणि हे तुकडे पॅराफिन या मेणात बसवून त्यांचे काप हिमॅटॉक्झिलिन व इओसिनने रंगवतात. दाह काही वेळा अपेंडिक्सच्या एखाद्याच पट्ट्यात असतो आणि निवडलेल्या चकत्यांतून निसटतो. म्हणून पहिल्या स्लाइडवर तो फक्त सेरोसावर दिसला, तर उरलेले सगळे अपेंडिक्स तपासायला घेतल्याशिवाय 'पेरिअपेंडिसायटिस' लिहू नये. काम वाढते, पण ते टाळणे मला अजिबात मान्य नाही.

आणखी एक गफलत संभवते. ऑपरेशन लांबले आणि आतडी बराच वेळ हाताळली गेली, तर तेवढ्यानेही सेरोसाजवळ न्यूट्रोफिल गोळा होतात. पोटात पू होता का, बीजांडकोश कसे दिसले, हे सर्जनने लिहून कळवले तर पॅथॉलॉजिस्टला हा फरक करणे सोपे जाते. पण लॅबला येणाऱ्या चिठ्ठीवर पुष्कळदा वय आणि 'अपेंडिक्स' एवढेच असते, याची फार खंत वाटते.

नुसते पेरिअपेंडिसायटिस आले असेल, तर तो रिपोर्ट डिस्चार्ज कार्डासह सर्जनना दाखवून पुढे सोनोग्राफी, सीटी स्कॅन किंवा स्त्रीरोगतज्ज्ञांची तपासणी लागेल का, हे विचारावे. ग्रॅन्युलोमाचा, म्हणजे क्षयासारख्या आजारात दिसणाऱ्या पेशींच्या बारीक गाठींचा, उल्लेख असल्यास जपून ठेवलेल्या त्याच पॅराफिन ब्लॉकमधून नवे काप घेऊन क्षयाच्या जंतूंसाठी वेगळा रंग देता येतो. त्यासाठी रुग्णाला पुन्हा टेबलावर जावे लागत नाही.